सोळा माग, एक हिरवा ग्राफ

पत्र तयार होतं. फक्त माझी सही व्हायची होती. ‘सदर कालावधीत आमच्या नेटवर्कमध्ये कोणताही दोष आढळला नाही’ एवढं एकच वाक्य, कंपनीच्या लेटरहेडवर. ती सही झाली की भवानी पेठेतल्या एका टॉवेल कारखान्यातून अंबादास जॉबरला घरी पाठवायचं ठरलं होतं. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा, चालता ठेवणारा माणूस. सत्तावीस वर्षं तो तेच करत होता.

मी नेटवर्क इंजिनिअर आहे. सोलापुरातल्या एका छोट्या कंपनीत काम करते. आमच्या जुळे सोलापुरातल्या अपार्टमेंटमध्ये कोणाचंही नेट बंद पडलं की आमच्या घराची बेल वाजते, कारण शेजाऱ्यांच्या मते मी वायफायचा पासवर्ड जाणणारी बाई आहे. माझं खरं काम वेगळं आहे. कारखाने, दवाखाने, बँका यांना दोन ठिकाणांमधली लाइन किती रुंद लागेल ते मोजायचं, त्याचं गणित मांडायचं आणि लेखी गॅरंटी द्यायची, की तुमची माहिती अमुक इतक्या वेळात पोचेल आणि वाटेत गळणार नाही. या गणिताला आम्ही मॉडेल म्हणतो. गॅरंटीवर सही माझी असते. ब्रोशरवर फोटो शिरीष सरांचा असतो.

शिरीष सर म्हणजे आमचे मालक. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, पण सर. त्यांनी पुण्यात मॅनेजमेंट केलंय. आमच्या चार पानी ब्रोशरमध्ये गॅरंटी हा शब्द अकरा वेळा आहे, तो त्यांनी स्वतः मोजून घातलाय.

तर हा कारखाना श्रीनिवासशेठचा. शेठचे वडील हातमागावर विणायचे. शेठनी वाढवत वाढवत सोळा चांगले यंत्रमाग उभे केले, आणि त्यांचे टॉवेल परदेशातल्या एका मोठ्या दुकान-साखळीत जायला लागले. त्या साखळीवाल्यांनी एक अट घातली. आमचा माल विणला जाताना आम्हाला लाइव्ह दिसला पाहिजे. म्हणून प्रत्येक मागासमोर एक असे सोळा कॅमेरे लागले, आणि ते चित्र बाहेर न्यायची लाइन आम्ही दिली. तिकडं ते चित्र माणूस बघत नाही, सॉफ्टवेअर बघतं. चित्र हललं नाही की ते लिहितं, माग बंद. रोज संध्याकाळी तसा रिपोर्ट शेठना येतो.

दोन महिने रिपोर्ट येत राहिले आणि दोन्ही महिने वाईट आले. शेवटी तिकडून मेल आला, की तुमचा मेंटेनन्स निकृष्ट आहे, मेंटेनन्स प्रमुख बदला, मग पुढच्या ऑर्डरचं बघू. मेंटेनन्स प्रमुख म्हणजे हाच अंबादास. त्याला हे पद मेलमधूनच कळलं.

सोमवारी शेठनी आम्हाला बोलावलं. कारखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांची केबिन आहे. एसी, जाड काचेच्या बंद खिडक्या, भिंतीवर मोठा स्क्रीन. खाली शेड. स्क्रीनवर तेच चित्र दिसायचं जे परदेशात दिसतं, म्हणजे खालच्या शेडचं चित्र आमच्या लाइनवरून साता समुद्रापार जाऊन परत वर केबिनमध्ये यायचं. जिन्यानं खाली जायला एक मिनिट लागतं, पण स्क्रीन लागल्यापासून तो जिना फारसा वापरात नव्हता.

“अंबादास, सोळाच्या सोळा लूम एकदम बंद पडतात, दिवसातून वीस-वीस वेळा. इथं लिहिलंय,” शेठ म्हणाले.

अंबादासनं कागद हातात घेतला. वाचला, मग उलटा करून मागची कोरी बाजूही बघितली.

“एकदम?”

“एकदम. सात सेकंद, आठ सेकंद. मग परत चालू.”

“शेठ, एक लूम धागा तुटला म्हणून बंद पडतंय. दुसरं धोटा अडकला म्हणून पडतंय. सोळा एकदम कशाला थांबतील? राष्ट्रगीत लागलंतं का?”

“लाइट गेली असेल,” शिरीष सर म्हणाले.

“लाइट गेली तर सात सेकंदात येतीय व्हय हितं?”

शिरीष सरांनी टॅब पुढे केला. त्यावर आमचा ग्राफ होता, हिरवागार. लाइनची जेवढी ताकद आहे तिच्या निम्मीसुद्धा वापरली जात नाही, असं तो दाखवत होता. “आमच्या बाजूनं ऑल ग्रीन आहे, शेठ,” सर म्हणाले. मीही मान डोलावली. ग्राफ मीच बसवला होता.

अंबादासनं तो हिरवा ग्राफ बघितला, मग माझ्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही.

“मी शेडमदी उभा हाय. लूम बंद पडलेलं मला कळलं न्हाय, आन् त्यान्ला तिकडं बसून कळलं. आसूद्या. काढायचं तर काढा, शेठ. पन् लूम बंद पडायलेत म्हनून काढू नका. म्हातारा झालो म्हनून काढा, चालंल.”

तो खाली गेला. शेठ बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले. त्यांना अंबादासला काढायचं नव्हतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण ऑर्डर गेली तर सोळाच्या सोळा मागांवरची माणसं घरी बसली असती. “मॅडम, गुरुवारी मीटिंग ठेवतो. तुम्ही नेटवर्क बरोबर आहे म्हणून पत्र द्या. मग माझ्या मनाला लागणार नाही,” ते म्हणाले. मी म्हटलं, “बघून देते.”

खाली गाडीपाशी शिरीष सर म्हणाले, “यात बघायचंय काय? ग्रीन आहे.”

मला ते ‘एकदम’ खटकत होतं. अंबादासचं बरोबर होतं. सोळा यंत्रं एका क्षणी थांबतात आणि एका क्षणी चालू होतात, असं यंत्रांच्या बाबतीत होत नाही. सोळा चित्रांच्या बाबतीत मात्र होऊ शकतं, जर ती सगळी एकाच नळीतून जात असतील तर.

होटगी रोडच्या ऑफिसात येऊन मी आमचा हिरवा ग्राफ नीट बघायला बसले. तो दर पाच मिनिटांनी एक ठिपका काढतो. पाच मिनिटांत एकूण किती माहिती गेली, त्याची सरासरी. आता सरासरी म्हणजे काय, हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. आमच्याकडे नळाला चार दिवसांआड पाणी येतं. महिन्याचं एकूण पाणी घ्या, तीसनं भागा, रोज काही बादल्या येतात असं सुरेख उत्तर मिळेल. ते उत्तर हातात धरून तिसऱ्या दिवशी नळाखाली उभं राहून बघा. आणि ज्या दिवशी पाणी येतं त्या दिवशी अख्खी गल्ली एकाच वेळी मोटारी लावते, तेही त्या सरासरीत कुठे दिसत नाही.

नेटवर्कमध्येही माहिती अशीच लोंढ्यानं येते. त्या लोंढ्याला आम्ही बर्स्ट म्हणतो. लाइनच्या तोंडाशी एक टाकी असते, तिला बफर म्हणतात. लोंढा आला की जास्तीची माहिती तिथं थांबते आणि मग हळूहळू पुढे जाते. टाकी भरली की वरून सांडते. सांडलेलं गेलं. व्हिडिओत ते सांडलं की पडद्यावरचं चित्र जागच्या जागी गोठतं.

मंगळवारी मी ठिपका बदलला. पाच मिनिटांऐवजी सेकंदाचे शंभर तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्यात किती माहिती गेली ते नोंदवायला लावलं. दुपारपर्यंत चित्र पालटलं. हिरवी सपाट रेघ गेली आणि तिच्या जागी उलट्या बाजूनं खिळे ठोकलेली फळी दिसायला लागली. सरासरी तीच होती. पण मधेच एक खिळा लाइनच्या ताकदीच्या कितीतरी वर जायचा, टाकी सांडायची आणि पुन्हा सगळं शांत. मी खिळ्यांच्या वेळा रिपोर्टमधल्या ‘माग बंद’च्या वेळांशी लावून बघितल्या. एकास एक जुळल्या.

म्हणजे माग थांबत नव्हते. आम्ही थांबत होतो.

हे खिळे कुठून येतात ते सांगते, फार अवघड नाही. कॅमेरा प्रत्येक वेळी पूर्ण चित्र पाठवत नाही. एकदा पूर्ण चित्र पाठवतो आणि मग पुढे फक्त काय बदललं तेवढंच कळवतो. बसल्या जागी झोपलेल्या माणसाचा व्हिडिओ असेल तर कळवायला काही नसतंच. समोर माग धडाधडा चालत असेल तर जवळपास सगळंच बदलत असतं. शिवाय दर थोड्या सेकंदांनी कॅमेरा, मधे काही चुकलं असेल तर नीट व्हावं म्हणून, पुन्हा एक पूर्ण चित्र पाठवतो. आता शेडमधले सोळाही कॅमेरे एकाच मेन स्विचवर होते. सकाळी स्विच टाकला की सोळाही एकाच क्षणी जागे व्हायचे, आणि मग दिवसभर सोळांची पूर्ण चित्रं एकाच क्षणी दारात यायची. त्याच वेळी मागांवर मोठ्या फुलांचा टॉवेल असला, माणसांची ये-जा असली, की टाकी सांडलीच.

एवढं कळलं, पण एक गोष्ट कळेना. माझ्या मॉडेलमध्ये लोंढ्यांचा जो अंदाज होता, त्याच्या कित्येक पट मोठे लोंढे प्रत्यक्षात येत होते. थोडा फरक समजू शकते. एवढा कसा? मला वाटलं, कोणीतरी कॅमेरे बदलले असणार. दुसऱ्यावर शंका घेणं हा आमच्या धंद्यातला पहिला उपाय आहे. मी गाडी काढली आणि भवानी पेठेत गेले. या वेळी वर केबिनमध्ये न जाता थेट शेडमध्ये.

शेडमध्ये आवाज इतका असतो की बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. अंबादास मागांकडे पाठ करून एक सुटा भाग तेलात धूत होता. मी जवळ गेले तेवढ्यात त्यानं हात वर करून मला थांबवलं. मान तिरकी करून ऐकलं, पाना घेतला आणि सरळ सात नंबरच्या मागाकडे गेला. काहीतरी आवळून परत आला.

“काय झालं होतं?” मी विचारलं.

“झालं न्हवतं. व्हणार हुतं. आवाज बदलला की.”

मला त्या सोळा आवाजांत एकही वेगळा काढता आला नसता. मी कॅमेऱ्यांचे नंबर तपासायला लागले. सगळे तेच होते, आम्हीच बसवलेले. अंबादास मागे उभा राहून बघत होता.

“काय शोधायलाव, मॅडम?”

“लाइन देताना मी इथं येऊन ट्रॅफिक मोजला होता. तेव्हा फार कमी भरला. आता एवढा जास्त कसा, तेच बघतेय.”

“तवा काय भरणार? तवा तर नुसती पूजा हुती हितं.”

“कसली पूजा?”

“खंडेनवमी की. लूम बंद हुते, हार घातलेले. तुमी पाटावर बसून जेवलाव पन्. मी शेठला म्हनलो, बंद लूमचं काय मोजायलेत ह्या? मग म्हनलं, आसंल, त्यांच्यात आसंच आसतंय.”

माझा चेहरा कसा झाला असेल ते मला माहीत नाही. त्यानं मात्र माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची आणली.

ऑफिसात परत येऊन मी जुनी फाइल उघडली. सगळं त्यात होतं. शेठचा फोन मला शब्दन् शब्द आठवला. “उद्या या, मॅडम. खंडेनवमी आहे, लूम बंद असतात, निवांत मोजता येईल की. जेवूनच जायचं.” एरवी शेडमध्ये आवाजानं बोलता येत नाही, चालत्या मागांमधून केबल नेता येत नाही, म्हणून मलाही ते सोयीचं वाटलं होतं. तीन तास मोजमाप केलं होतं. मधे पुरणपोळी खाल्ली होती. सोळा कॅमेऱ्यांसमोर सोळा माग झेंडूच्या माळा घालून शांत उभे होते. हलत होते ते फक्त गुरुजींचे हात आणि अगरबत्तीचा धूर. त्या धुरानं जेवढा ट्रॅफिक तयार झाला, तेवढ्यावर मी मॉडेल बसवलं होतं, वर सावधगिरी म्हणून बरीच जागा सोडली होती आणि खाली लिहिलं होतं, ‘साइटवरील प्रत्यक्ष परिस्थितीत मोजलेले’. सही माझी होती, तारखेसकट.

बुधवारी सकाळी मी शिरीष सरांना सांगितलं.

“सर, पत्रावर सही नाही करता येणार. दोष आपला आहे.”

“दोष म्हणू नका. ऑब्झर्वेशन म्हणा.”

“ऑब्झर्वेशन असं आहे, की दोष आपला आहे.”

सर उठले, केबिनचं दार लावून आले. “मॅडम, प्रॅक्टिकल विचार करा. आपण गुपचूप लाइन वाढवून देऊ. कॅमेरे पण काय ते नीट करा. आठवड्याभरात रिपोर्ट सुधारेल. सगळे खूश.”

“आणि अंबादास?”

“तो त्यांचा इंटर्नल मॅटर आहे. आपण कोणाच्या स्टाफमध्ये पडत नाही.”

“पण त्याला आपल्या पत्रावर काढतायत.”

“पत्रात काय आहे? दोष आढळला नाही. तुम्ही सोमवारीच सही केली असती तर आढळला नसताच. जास्त खोलात गेलात म्हणून आढळला.” मग आवाज मऊ करून म्हणाले, “तुमच्याच नावाचा विचार करतोय मी. पंधरा वर्षांचं करिअर आहे. लोक म्हणतील, बाई पूजेला जाऊन ट्रॅफिक मोजून आली.”

हे त्यांनी बरोबर जागी मारलं. मला अंबादासची काळजी वाटत होती असं इथं लिहिलं तर बरं दिसेल. खरं सांगायचं तर मला माझ्या नावाची भीती वाटत होती. सोलापुरात सगळे सगळ्यांना ओळखतात. ही गोष्ट एका चहाच्या टपरीवरून दुसरीकडे जायला कोणतीही लाइन लागली नसती. मी दोनदा पत्र समोर घेतलं. दोन्ही वेळा अंबादासचं ते ‘त्यांच्यात आसंच आसतंय’ आठवलं. त्याला माझी चूक दिसली होती आणि तरी त्यानं ती माझं शिक्षण समजून सोडून दिली होती. त्याच्या बाबतीत मात्र आम्ही कागदावर छापून आलंय म्हणून खरं धरलं. मला लाज वाटली. संध्याकाळी मी पत्र फाडलं. नंतर लक्षात आलं की त्याच्या आणखी तीन प्रती सरांकडे आहेत.

गुरुवारी केबिनमध्ये शेठ होते, सर होते, मी होते आणि दाराशी अंबादास. त्याला बसायला सांगितलं तरी तो बसला नाही. स्क्रीन चालू होता. सोळा चौकोनांत सोळा माग.

“शेठ, आम्ही लाइनमध्ये काही टेक्निकल एन्हान्समेंट सुचवतोय,” सरांनी सुरुवात केली.

“ते नंतर. पत्र आणलाव का?”

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी उठले आणि खिडकीपाशी गेले. ती काच कित्येक महिन्यांत उघडलेली नव्हती, कडी घट्ट बसली होती. अंबादास पुढे आला, तळहाताचा एक ठोका मारला, कडी सुटली. काच सरकवली तसा शेडचा आवाज आत आला. एसीची थंडी बाहेर गेली. सरांनी कपाळाला आठ्या घातल्या.

“शेठ, स्क्रीनकडे बघत राहा आणि आवाज ऐकत राहा. चित्र थांबलं की सांगा,” मी म्हटलं.

आम्ही बघत बसलो. चित्र थांबेना. पाच मिनिटं गेली, दहा गेली. माग चालतायत, चित्र चालतंय, सगळं झकास. बर्स्ट हा प्रकार असा आहे की तो हवा असतो तेव्हा येत नाही. सरांच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं. “मला वाटतं प्रॉब्लेम आपोआप सॉल्व्ह झालाय,” ते म्हणाले.

मग खाली माग चालू ठेवून जेवायला गेलेल्यांची सुट्टी संपली. माणसं परत आली, मागांमधून हिंडायला लागली, कोणी तयार टॉवेलांचे गठ्ठे उचलून न्यायला लागलं. आणि स्क्रीन गोठला. सोळाच्या सोळा चौकोन. एका चौकोनात एका बाईचा पदर हवेत तसाच राहिला. कोपऱ्यात लाल अक्षरं आली, ‘माग बंद’.

खिडकीतून मात्र खडखडाट येतच होता, जसाच्या तसा.

शेठ लहानपणापासून मागांच्या आवाजात वाढलेले. त्यांनी डोळे मिटले. एक-एक बोट दुमडत गेले. काय ऐकत होते ते मला कळलं नाही, अंबादासला कळलं असावं. स्क्रीन पुन्हा हलायला लागला तेव्हा शेठ तेलुगूत, म्हणजे त्या दोघांच्या घरच्या भाषेत, त्याला काहीतरी म्हणाले. अंबादासनं नुसती मान खाली घातली.

“सोळा,” शेठ मला म्हणाले. “सगळे चालू होते. मग हे काय दाखवायलंय?”

मी सांगितलं. लाइन अपुरी आहे, कारण माझं गणित चुकलं. गणित चुकलं, कारण मी खंडेनवमीला मोजलं, माग बंद असताना. सर मधे म्हणाले, “त्या वेळच्या साइट कंडिशननुसार...” शेठनी त्यांना हातानं थांबवलं.

“त्या दिवशी मीच बोलावलो होतो की तुम्हाला. निवांत मोजा म्हणून मीच म्हणलो.”

“बोलवायचं काम तुमचं होतं, शेठ. मोजायचं माझं होतं.”

“आणि दोन महिने रोज रिपोर्ट वाचायचं काम माझं. एकदा खिडकी उघडली असती तर झालं असतं.” ते अंबादासकडे वळले. “जा, कामाला लाग,” एवढंच म्हणाले. त्या कारखान्यात माफी अशीच मागतात, असं मला नंतर कळलं.

दुरुस्तीचं काम सोपं होतं, म्हणून जास्तच लाज वाटली. माग चालू असताना आठवडाभर मोजलं, शिफ्ट बदलताना आणि जेवणाच्या सुट्टीच्या आसपास खास मोजलं. कॅमेरे एकदम सुरू न करता एकामागून एक, थोडं थांबून सुरू केले, म्हणजे पूर्ण चित्रं एका क्षणी दारात गर्दी करत नाहीत. प्रत्येक कॅमेऱ्याला बांधून दिलं, की तुझी रोजची धार एवढी आणि एकदम ओतायचंच झालं तर एवढं, त्याहून जास्त नाही. मग लाइन किती रुंद हवी ते काढलं. सर म्हणाले सरासरीएवढी द्या, स्वस्त पडेल. शेठ म्हणाले सगळ्यात मोठ्या खिळ्याएवढी द्या, डोक्याला ताप नको. उत्तर मधे कुठेतरी असतं, आणि मॉडेलचं काम ते मधलं ठिकाण शोधणं एवढंच. शेठना मी घरच्या पाण्याच्या टाकीवरून समजावलं. ते लगेच म्हणाले, “म्हणजे नळ केवढा ते बघायचं, टाकी केवढी ते बघायचं, आणि सगळ्यांनी मिळून एकदम मोटार लावायची नाही.” मी चार वर्षं इंजिनिअरिंगला घातली होती.

रिपोर्ट सुधारला. ‘सोळा माग एकदम बंद’ ही ओळ गायब झाली. आता मधेच एखादा माग धागा तुटून थांबतो, तेवढाच दिसतो.

मी परदेशातल्या लोकांना मेल लिहिला, की मागच्या दोन महिन्यांच्या नोंदी चुकीच्या आहेत, माग चालू होते, चूक नेटवर्कची होती, कृपया दुरुस्त करा. उत्तर आलं, की नोंद खोडायची सोय त्यांच्या सिस्टिममध्ये नाही. तीन आठवड्यांनी त्याच सिस्टिमनं दुसरं काहीतरी केलं. आधीचा वाईट आकडा आणि आताचा चांगला आकडा यांची वजाबाकी केली, आणि अंबादासला ‘सर्वाधिक सुधारणा’ असं प्रमाणपत्र छापलं. द्यायला व्हिडिओवर समारंभ ठेवला. शिरीष सरांना आमंत्रण होतं. त्यांनी नवा कोट शिवला.

केबिनमध्ये स्क्रीनवर तिकडचे चार-पाच लोक दिसत होते. शेठनी अंबादासच्या हातात प्रमाणपत्र दिलं. तिकडून कोणीतरी विचारलं, की एवढी सुधारणा तुम्ही कशी केली, दोन शब्द बोला. सरांनी ते अंबादासला मराठीत सांगितलं.

अंबादास कॅमेऱ्याकडे बघून सावकाश बोलला. “मी काय सुधारलो न्हाय. मी आदी पन् हेच करत हुतो, आता पन् हेच करायलोय. लूम कदीच बंद न्हवते. तुमाला दिसत न्हवतं. तवा माज्या नावाम्होरं जे लिवलंय ते खोडा, मग हे द्या.”

सर स्क्रीनकडे वळले आणि हसून इंग्रजीत म्हणाले, की ते म्हणतायत, हे सगळं टीमवर्क आहे आणि ते तुमचे आभारी आहेत. तिकडच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तोंड उघडलं तोवर स्क्रीनवर त्यांचा लोगो आला होता.

खाली उतरताना अंबादासनं मला विचारलं, “मी म्हनलो तेच सांगितले का त्यांनी?”

“नाही.”

“तरीच टाळ्या वाजवले.” प्रमाणपत्राची सुरळी करून त्यानं खिशात घातली आणि तो शेडमध्ये गेला.

ऑफिसात येऊन मी त्या वेळेची नोंद काढून बघितली. लाइन उत्तम होती. अंबादासचा शब्दन् शब्द गॅरंटीत लिहिलेल्या वेळेत, माहितीचं एकही पॅकेट न गळता, परदेशात पोचला होता. तेव्हापासून मी कानाला खडा लावलाय. कोणी गॅरंटी मागितली की आधी माग चालू आहे का विचारते, आणि मग स्पष्ट सांगते, की आमची गॅरंटी या टोकाच्या यंत्रापासून त्या टोकाच्या यंत्रापर्यंत आहे, मधे साहेब बसला तर आम्ही जबाबदार नाही. हे कलम करारात घालावं असं मी सुचवलंय. फाइल शिरीष सरांच्या सहीसाठी गेलीय.